एकत्र राहिल्याचा पुरावा: कॅनडाला जोडीदार नेताना लागणारी कागदपत्रे



हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतली मुले एके काळी शिक्षणाला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला जात. पुढे बेंगळुरूची वाट रुळली, आणि आता कितीतरी घरांतले एखादे तरी मूल कॅनडात आहे. त्यामुळे आपल्याकडे विचारणा करायला येणाऱ्या पालकांचे प्रश्नही बदलले आहेत. पासपोर्ट कसा काढायचा, हे आता कुणी विचारत नाही. जो प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो तो असा: मुलाला तिकडे पीआर मिळाली आहे. तो आणि त्याची जोडीदार बेंगळुरूत दोन वर्षे एकत्र राहत होते, लग्न झालेले नाही. तिला नेता येईल का?

येईल. कॅनडाच्या कायद्यात अशा जोडीदाराला ‘कॉमन-लॉ पार्टनर’ म्हणतात आणि नवरा-बायकोप्रमाणेच त्यालाही स्पॉन्सर करता येते. मात्र लग्न झालेल्यांकडे लग्नाचा दाखला असतो. यांच्याकडे तसा एकच एक कागद नसतो. एकत्र राहिल्याचे त्यांना अनेक लहान लहान कागदांतून दाखवावे लागते. आपल्या समाजात असे राहणे बहुधा झाकून ठेवले जाते आणि जे झाकून ठेवले त्याचा कागद तयार होत नाही. अडचणीचे मूळ तिथे आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत. चूक-बरोबर ठरवण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने त्याने आपापल्या घरात ते ठरवावे.

नियम काय आहे

कॅनडाच्या नियमांप्रमाणे दोन व्यक्ती दांपत्यासारख्या नात्यात किमान एक वर्ष एकत्र राहिलेल्या असाव्यात. हे वर्ष सलग असावे लागते. चार महिने पुण्यात, मग सहा महिने वेगळे, मग पुन्हा आठ महिने बेंगळुरूत, अशी बेरीज चालत नाही. कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी जाणे, आई आजारी म्हणून महिनाभर धारवाडला येऊन राहणे, अशा थोड्या काळाच्या ताटातुटीने वर्ष मोडत नाही. मात्र परत येण्याचा हेतू आणि घर दोन्ही कायम असले पाहिजे. अर्ज दाखल होतो त्या दिवशी बारा महिने पूर्ण झालेले हवेत.

नात्यात पुरुष आणि स्त्रीच असावी अशी अट नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पण ऑक्टोबर 2023 च्या निकालाने अशा जोडप्यांना भारतात विवाहाचा हक्क मिळालेला नाही. त्यांच्यासाठी एकत्र राहिल्याचा पुरावा हाच मुख्य मार्ग उरतो. ज्यांना लग्नही करता आले नाही आणि एकत्रही राहता आले नाही, त्यांच्यासाठी ‘कॉन्जुगल पार्टनर’ असा तिसरा प्रकार आहे. पण त्यात किमान एक वर्षाचे नाते आणि खरीखुरी अडवणूक दोन्ही सिद्ध करावे लागते. ‘घरचे तयार नव्हते’ एवढे कारण तिथे सहसा पुरत नाही.

स्पॉन्सर करणारी व्यक्ती किमान 18 वर्षांची आणि कॅनडाची नागरिक किंवा पीआरधारक हवी. पीआरधारक असल्यास ती कॅनडात राहत असली पाहिजे. जोडीदाराच्या मूलभूत गरजांची जबाबदारी 3 वर्षे घेतल्याचे हमीपत्र द्यावे लागते; क्वेबेक प्रांताचे नियम याबाबत वेगळे आहेत. जी व्यक्ती स्वतःच जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन तिकडे गेली, तिला पीआर मिळाल्यापासून 5 वर्षे दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही.

भारतीय कायदा आणि हा पुरावा

लग्नाविना एकत्र राहणे आपल्या न्यायालयांना अपरिचित नाही. सुमारे पन्नास वर्षे नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचा विवाह झालाच असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये धरले होते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘विवाहसदृश संबंध’ असा शब्दप्रयोग आला. नोव्हेंबर 2013 मध्ये बेंगळुरूतून गेलेल्या एका खटल्यात असा संबंध कशावरून ओळखावा याच्या कसोट्या न्यायालयाने दिल्या: किती काळ एकत्र राहिले, घर एक होते का, पैसा एकत्र होता का, घरकाम कसे वाटून घेतले, मुले आहेत का, चारचौघांत ते जोडपे म्हणून वावरत का, आणि दोघांचा हेतू काय होता.

कॅनडाचा अधिकारी जवळजवळ हेच प्रश्न मनात ठेवून फाईल उघडतो. त्यामुळे ही यादी आपल्या लोकांनाही उपयोगी आहे. फरक इतकाच, की भारतात हे प्रश्न भांडण झाल्यावर न्यायालयात येतात आणि तिकडे ते अर्जाच्या पहिल्या दिवशीच येतात. शिवाय कर्नाटकात एकत्र राहण्याची सरकारी नोंद करणारे कार्यालय नाही. उत्तराखंडात जानेवारी 2025 पासून तशी नोंदणी आली आहे. ती आपल्याला लागू नाही. म्हणून ‘लिव्ह-इनचे सर्टिफिकेट काढून देतो’ असे कुणी सांगितले तर पैसे देऊ नका.

कागद कुठे हरवतात

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मुलगा आणि मुलगी बेंगळुरूत घर घेतात. घरमालक विचारेल म्हणून करार एकाच्याच नावावर होतो. मुलाचे आधार कार्ड धारवाडच्या माळमड्डीतल्या घराच्या पत्त्यावर तसेच राहते, मुलीचे बेळगावच्या माहेरच्या पत्त्यावर. बँकेची पत्रे गावाकडे येतात, रेशन कार्डात नाव आई-वडिलांबरोबर असते. दोन वर्षांनी सरकारी कागद वाचले तर दोघांनी आपापली घरे कधी सोडलीच नाहीत असे दिसते.

दुसरी अडचण भाडेकराराची. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा करण्याची रीत आहे, कारण 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचे किंवा वर्षावर्षाने चालणारे भाडेपट्टे नोंदवावे लागतात. कॅनडाला मात्र बारा महिने दिसायला हवेत. समजा, करार 5 जून 2023 ला सुरू झाला आणि 4 मे 2024 ला संपला. घरमालकाने ‘राहा की, कशाला नवा करार’ म्हटले आणि दोघे तसेच राहिले. 10 जूनला अर्ज केला तर शेवटच्या महिनाभराचा करार हातात नाही. अशा वेळी त्या महिन्याचे भाडे बँकेतून गेल्याची नोंद आणि घरमालकाचे सहीचे पत्र जोडावे. मुळात नूतनीकरण वेळेवर करणे आणि त्यात दोघांची नावे घालणे सर्वांत बरे. मोठी अनामत देऊन बिनभाड्याने ‘लीज’वर घर घेतले असेल तर दरमहा भाड्याची नोंद होतच नाही; तिथे करार आणि अनामत दिल्याची बँक नोंद हेच आधार.

तिसरी अडचण विजेच्या बिलाची. हेस्कॉम असो की बेंगळुरूची बेस्कॉम, मीटर बहुतेक घरमालकाच्या नावावर असतो. नुसते बिल जोडून उपयोग नाही. बिलावरचा आर.आर. नंबर आणि ते बिल आपल्या खात्यातून भरल्याची नोंद शेजारी शेजारी ठेवली की अर्थ लागतो.

चौथी अडचण नावांची. 1 नोव्हेंबर 2014 पासून हुबळीचे अधिकृत नाव हुबळ्ळी झाले, बेळगावचे बेळगावी, बँगलोरचे बेंगळुरू. जुन्या दाखल्यावर एक, नव्यावर दुसरे. कर्नाटकातल्या शाळांतून नावाआधी आद्याक्षरे लिहिण्याची पद्धत आहे; पासपोर्टवर तीच आद्याक्षरे पूर्ण नावात उलगडतात. कॅनडात बसलेल्या अधिकाऱ्याला ही दोन माणसे वाटू शकतात. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घ्यावे आणि गावांच्या नावांबद्दल अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळी लिहाव्यात. बँकांचेही तसेच. 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. आधीचे पासबुक एका नावाचे आणि नंतरचे दुसऱ्या नावाचे असेल तर खाते तेच आहे हे लिहून द्यावे.

कोणते कागद चालतात

कॅनडाचे इमिग्रेशन खाते अर्जासोबत कागदपत्रांची यादी देते. त्यात आयएमएम 5409 हा कॉमन-लॉ नात्याच्या शपथपत्राचा फॉर्म आणि आयएमएम 5532 ही नात्याबद्दलची प्रश्नावली असते. शपथपत्र भारतात नोटरीसमोर करता येते. पण शपथपत्र म्हणजे आपलेच म्हणणे; त्याला बाहेरचा आधार लागतो. तो साधारण असा:

- दोघांच्या नावांचा भाडेकरार किंवा घराची संयुक्त मालकी
- संयुक्त बँक खाते, आणि त्यातून किराणा, भाडे, बिले गेल्याच्या नोंदी
- वीज, गॅस, इंटरनेट यांपैकी काही जोडण्या एकाच्या आणि काही दुसऱ्याच्या नावावर, पत्ता मात्र एकच
- आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांवर तोच पत्ता
- विमा पॉलिसी, पगारपत्रके, मोबाईलची बिले, कंपनीची पत्रे यांवरचा पत्ता
- बँक खात्यात किंवा विम्यात एकमेकांचे नाव वारस म्हणून लावलेले असल्यास त्याचा कागद

बँकेत संयुक्त खाते उघडायला नवरा-बायको असावे लागत नाही, कोणत्याही दोन व्यक्तींना ते उघडता येते. आधारचा पत्ता बदलला असेल तर तो कधी बदलला याचा इतिहास आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतो. तारीख सिद्ध करायला तो फार उपयोगी पडतो. करार एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याच्या नावाने त्या पत्त्यावर आलेले काहीही जपून ठेवा: गॅस सिलिंडरच्या पावत्या, ऑनलाइन खरेदीची बिले, दवाखान्याचे कागद.

फक्त पत्ता एक असल्याने काम होत नाही, कारण एका घरात राहणारे दोन मित्रही तसेच असतात. दांपत्यासारखे नाते दाखवायला एकत्र प्रवासाची तिकिटे, घरच्या कार्यातले फोटो, एकमेकांच्या आजारपणात केलेली धावपळ, पैशाची देवाणघेवाण हे लागते. फोटो आणि संदेश किती जोडायचे याची मर्यादा यादीत दिलेली असते, ती पाळावी. शंभर सेल्फींपेक्षा वेगवेगळ्या तारखांचे, वेगवेगळ्या माणसांबरोबरचे पंधरा-वीस फोटो चांगले. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहावे.

बारा महिन्यांचा तक्ता

आम्ही सर्वांना एक साधी पद्धत सुचवतो. एका कागदावर बारा महिने एकाखाली एक लिहा. शेजारी दोन रकाने करा, एक त्याचा, एक तिचा. प्रत्येक महिन्यासमोर त्या पत्त्यावरचा किमान एक कागद प्रत्येकाच्या नावाने लिहा. जिथे रकाना रिकामा राहील तिथे काय मिळवता येईल ते शोधा. अधिकारीही फाईल वाचताना मनात असाच तक्ता मांडत असतो. आपण तो आधीच मांडला तर त्याचे काम सोपे होते आणि आपल्यालाही आपली बाजू कुठे लंगडी आहे ते कळते.

एखादा कागद मिळतच नसेल तर तसे लिहून द्यावे आणि कारण सांगावे. ‘घरमालकाने अविवाहित जोडप्याला घर दिले नसते म्हणून करार एकाच्या नावावर केला’ हे आपल्याकडचे खरे कारण आहे आणि ते स्पष्ट शब्दांत सांगण्यात कमीपणा नाही. मात्र मागच्या तारखेचा करार बनवून घेऊ नका. ई-स्टँपवर तारीख आणि क्रमांक छापलेला असतो आणि तो पडताळता येतो. खोटा कागद सापडला तर अर्ज जातोच, शिवाय 5 वर्षे कॅनडाचे दार बंद होते.

आई-वडिलांचे पत्र

सर्वांत अवघड भाग हा. अर्जाला बळकटी देण्यासाठी नातेवाइकांची आणि मित्रांची पत्रे जोडता येतात. पालकांनी आपल्या सहीने लिहायचे, की आमचा मुलगा अमुक मुलीबरोबर लग्नाविना एका घरात राहत होता. कितीतरी घरांत या ओळीपाशी पेन थांबते. काहीजण म्हणतात, लिहू पण नातेवाइकांना कळायला नको. हे पत्र इमिग्रेशन खात्यासाठी असते, ते गावात वाचून दाखवले जात नाही, एवढे आम्ही सांगू शकतो.

लिहायचे ठरवले तर खरे आणि नेमके लिहा. ‘मुलगी गुणी आहे, संस्कारी आहे’ याने काही सिद्ध होत नाही. ‘ऑक्टोबर 2023 मध्ये दसऱ्याला आम्ही त्यांच्या घरी चार दिवस राहिलो, तेव्हा दोघे तिथेच राहत होते’ याने होते. पहिले सहा महिने तुम्हाला ठाऊकच नव्हते, तर तसेच लिहा. सर्वांना आधीपासून सगळे माहीत होते असे दाखवणारी, एकाच साच्यातली पाच पत्रे संशय वाढवतात. उशिरा कळले, राग आला, मग भेटलो, असे प्रामाणिक पत्र वाचणाऱ्याला पटते.

आजी-आजोबांनी मराठीत लिहिले तरी चालते. मराठी असो की कन्नड, मूळ कागदासोबत इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागते. भाषांतर करणारी व्यक्ती अधिकृत अनुवादक नसेल तर तिचे शपथपत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. अर्जदाराने किंवा त्याच्या घरच्यांनी केलेले भाषांतर चालत नाही, मग घरात इंग्रजीचे प्राध्यापक का असेनात.

‘अविवाहित’ लिहिण्याआधी

आता सर्वांत महत्त्वाचे. मुलगा स्वतःच्या पीआरचा अर्ज भरत असतो तेव्हा वैवाहिक स्थितीचा रकाना येतो. लग्न झालेले नाही म्हणून तो ‘सिंगल’ लिहितो. आपल्या भाषेत ते खरेच असते. पण त्या वेळी तो वर्षभर कुणाबरोबर राहत असेल तर कॅनडाच्या कायद्याने तो ‘कॉमन-लॉ’ असतो. जोडीदार सोबत जाणार नसली तरी तिचे नाव अर्जात द्यावे लागते आणि तिची वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते. जिचे नाव दिले नाही, तपासणी झाली नाही, तिला पुढे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करता येत नाही, असा नियम आहे. शिवाय माहिती लपवल्याचा ठपका त्याच्या स्वतःच्या पीआरवर येऊ शकतो. अर्ज दाखल केल्यापासून कॅनडात पीआर म्हणून उतरेपर्यंत स्थिती बदलली तर तेही कळवावे लागते. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेला एक शब्द पुढे दोघांना वेगळ्या देशांत ठेवू शकतो. म्हणून मुले अर्ज भरत असतील तेव्हा पालकांनी एवढे जरूर सांगावे: आम्हाला काय वाटेल याचा विचार करून तो रकाना भरू नकोस.

लग्न करून टाकले तर?

हा प्रश्न येतोच. लग्न झाल्यावर वर्षभर एकत्र राहण्याची अट उरत नाही; पण नाते खरे आहे हे तरीही दाखवावे लागतेच. हिंदू विवाहाची नोंदणी उपनोंदणी कार्यालयात होते. आंतरधर्मीय किंवा नोंदणी विवाह 1954 च्या विशेष विवाह कायद्याने करायचा तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य, मग 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. सुट्टीवर तीन आठवडे आलेल्या मुलाला हे गणित जमवणे कठीण जाते. व्हिडिओ कॉलवरून लागलेले लग्न जून 2015 पासून कॅनडा स्पॉन्सरशिपसाठी मानत नाही. दोघेही विवाहस्थळी हजर हवेत.

काहींचा आधीचा घटस्फोटाचा दावा न्यायालयात वर्षानुवर्षे पडून असतो. त्यांना पुन्हा लग्न करता येत नाही. कॅनडाच्या नियमांत आधीच्या जोडीदारापासून खरोखर विभक्त झाल्याचा पुरावा असेल तर अशी व्यक्तीही कॉमन-लॉ जोडीदार ठरू शकते. अशी गुंतागुंत असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावाच.

सल्ला कुणाचा घ्यायचा हेही पाहा. पैसे घेऊन हे काम करण्याचा अधिकार कॅनडातल्या वकिलांना, तिथल्या परवानाधारक सल्लागारांना आणि क्वेबेकच्या नोटरींना आहे. सल्लागाराचे नाव त्यांच्या नियामक संस्थेच्या यादीत तपासता येते. गावातला एजंट त्यात बसत नाही. अर्ज स्वतः भरायला कोणतीही आडकाठी नाही आणि सरळ प्रकरणात तो स्वतः भरता येतो. पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, आपल्या हुबळीत ते केंद्र आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी बेंगळुरूला जावे लागते. फी आणि फॉर्म बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरची यादी नव्याने पाहावी.

ज्यांची मुले आज बाहेरगावी कुणाबरोबर राहत आहेत, त्यांनी अर्जाची वेळ येईपर्यंत थांबू नये. भाडेकरारात दोन्ही नावे घाला, आधारचा पत्ता बदला, खाते संयुक्त करा, हे मुलांना आजच सांगता येण्यासारखे आहे. ते सांगण्यासाठी आधी घरात त्या विषयावर बोलणे व्हावे लागेल. ते एकदा झाले, की पुढचे कागद गोळा करणे त्यामानाने सोपे असते.